सुतकातला विस्तव

एका वर्षावासात शास्ते नदीकाठच्या विहारात राहत होते. त्या वर्षी पावसाने सगळे ताळतंत्र सोडले होते. पलीकडच्या काठावरचे एक गाव पुराने धुऊन नेले. पाणी ओसरल्यावर धम्मिक नावाचा भिक्खू त्या गावी भिक्षेला गेला आणि रिकामे पात्र घेऊन परतला.

ओल्या चिवराचा पदर पिळता पिळता तो इतरांना सांगू लागला, "राजाने दारोदार धान्याची पोती टाकली आहेत, तरी एका घरातून धूर निघत नाही. पोत्याला टेकून बसले आहेत सगळे. आयते हवे लोकांना, दुसरे काय!"

शास्त्यांनी ते ऐकले. ते म्हणाले, "धम्मिका, हे वाक्य तू आजच बोललास असे नाही. मागेही एकदा तुझ्या तोंडून हेच निघाले होते." भिक्खूंनी विनंती केली, तेव्हा त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी धृतिसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी राजधानीपासून दूर, सुवेणी नदीच्या काठी, वेणुतट नावाच्या नगरात बोधिसत्त्वांनी गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव मधुगुप्त. नगराच्या वरच्या अंगाला एका टेकाडावर त्यांचे एकट्याचेच घर आणि गुऱ्हाळ होते. त्यांच्या बायकोचे नाव उत्पला. मधुगुप्त कधी आवाज चढवत नसत, आणि याचाच उत्पलेला कधीकधी राग येई. "तुमच्याशी भांडायचं म्हणजे गुळाच्या ढेपेवर डोकं आपटायचं. लागत काहीच नाही, नुसतं चिकटतं," असे ती म्हणे. मधुगुप्त हसत, आणि भांडण तिथेच संपे.

त्यांना एकच मुलगा होता, वसंतक. मिसरूड फुटलेला, अंगाने थोराड, आणि हसायला निमित्त न लागणारा. आईचा सगळा जीव त्याच्यात होता. त्याचे लग्न येत्या माघात करायचे असे तिने मनाशी ठरवले होते आणि मुलगीही हेरून ठेवली होती. ते तिने अजून कोणाला सांगितले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही.

भाद्रपदात सुवेणीला पूर आला. पूर तसा दरवर्षी यायचा, कुंभारवाड्याच्या पायऱ्या भिजवून परत जायचा. या खेपेला तो परत जाईना. वरून पाऊस कोसळत होता आणि खालून नदी चढत होती. सकाळी कुंभारवाडा बुडाला, दुपारी साळीआळी. लोक छपरांवर चढून हाका मारू लागले. नगरात होत्या तेवढ्या होड्या पहिल्याच लोंढ्यात दावी तोडून वाहून गेल्या होत्या.

गुऱ्हाळ त्या दिवसांत बंद असते. उसाचा रस आटवायच्या दोन मोठ्या लोखंडी काहिली छपराखाली पालथ्या पडल्या होत्या. वसंतकाने त्यांतली एक उलथली, लोटत लोटत उतारावरून खाली नेली आणि पाण्यात सोडली. काहील तरंगली. हातात फळी घेऊन तो तिच्या मधोमध बसला. काहीलच ती, सरळ थोडीच जाणार! ती गरगर फिरू लागली आणि वसंतक हसायला लागला.

"अरे, हसतोस काय, मेल्या!" काठावरून उत्पला ओरडली.

"आई, चुलीवर पाणी ठेव. माणसं गारठून येतील," त्याने ओरडून सांगितले.

माणसे आली. नावाडी सारंगाची दोन्ही लेकरे आली, कुंभारवाड्यातली म्हातारी क्षेमा नातीला उराशी धरून आली, साळ्यांच्या बायका आल्या. उत्पला त्यांना कढत पाणी देत होती आणि दर वेळी काहील दिसली की श्वास सोडत होती. पुढे एकदा काहील गेली ती दिसलीच नाही. अंधारून आले, पावसाचा पडदा दाट झाला, आणि पाण्यावर कोणीच दिसेना.

पूर ओसरला तेव्हा नगरात फक्त चिखल उरला होता. घराघरात, विहिरीत, देवळाच्या गाभाऱ्यात चिखल. त्यातून लोकांनी आपापली माणसे शोधून काढली. कोणाची आई गेली होती, कोणाचा भाऊ, कोणाचे पाळण्यातले मूल. खालच्या नगरात असे एकही घर राहिले नाही जिथून कोणी गेले नव्हते. काठावर ओल्या लाकडांच्या चिता धुमसत राहिल्या आणि तो धूर पावसाळी हवेत तसाच खाली पसरून बसला.

राजा धृतिसेन चांगला होता. बातमी कळताच त्याने तांदळाच्या गाड्या धाडल्या. त्यांच्याबरोबर अमात्य पिंगल आला. माणूस कामाचा, उगाच वेळ न दवडणारा. त्याने आल्या आल्या प्रत्येक दारात एकेक पोते उतरवले. मग तो सरकारी तळावर जाऊन वाट पाहू लागला. काही दिवसांनी फेरी मारली, तर पोती होती तशीच. कोणी तोंड सोडले होते, कोणी तेही नाही. एकाही घरातून धूर निघत नव्हता.

"आयतं हवं लोकांना," पिंगल आपल्या माणसांना म्हणाला. "वरच्या गावांतही हाहाकार आहे. इथे चुली पेटत नसतील तर पोती उचला आणि तिकडे न्या."

ही गोष्ट मधुगुप्तांच्या कानावर गेली. ते वसंतकाला शोधत रोज नदीकाठ पालथा घालत होते. त्या दिवशी परतताना ते कुंभारवाड्यात शिरले. क्षेमा दारात बसली होती. तिचा मुलगा आणि सून दोघेही पुरात गेले होते. शेजारी तांदळाचे पोते होते आणि नात त्यातले कोरडे तांदूळ तोंडात टाकून चघळत होती.

"आजी, चूल का पेटवली नाही?"

क्षेमाने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांना वेड लागले असावे. "श्रेष्ठी, सुतक आहे घरात. सुतकाच्या घरी चूल पेटते का कधी?"

वेणुतटाची ती रीतच होती. ज्या घरातले माणूस गेले, त्या घरात सुतक फिटेपर्यंत विस्तव करायचा नाही. शेजारच्याने अन्न शिजवून आणायचे आणि रडणाऱ्यांना बळेबळे दोन घास खाऊ घालायचे. रीत चांगली होती, माणसाला एकटे न सोडणारी होती. पण ज्याच्या स्वतःच्या घरी सुतक, त्याच्या हातचे दुसऱ्याच्या घरी चालत नसे. आता क्षेमाच्या शेजाऱ्याकडे सुतक होते आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडेही. सगळे नगर पोत्यांना टेकून शेजाऱ्याची वाट पाहत होते.

"आजी, हा काळ निराळा आहे. पेटवा चूल. लेकरू उपाशी आहे," मधुगुप्त म्हणाले.

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुमच्या घरी धूर निघतोय. आमच्यासारखं सुतकात बसला असता, तर ही गोष्ट तुमच्या जिभेवर आली नसती."

म्हातारीचे खरे होते. वेणुतटात देह सापडल्याशिवाय सुतक धरत नसत, आणि वसंतकाचा देह सापडला नव्हता. टेकाडावरची त्यांची चूल तेवढी पेटती होती.

घरी येऊन त्यांनी उत्पलेला सगळे सांगितले आणि म्हणाले, "गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवू. दुसरी काहील आहे, चिपाडं कोरडी आहेत, गूळही आहे. आपल्या हातची पेज चालेल त्यांना."

उत्पला भडकली. "का चालेल? माझा मुलगा अजून सापडला नाही म्हणून? लोकांच्या पोटासाठी तो सापडू नये असं म्हणायचं का मी आता?"

"तसं नाही, उत्पले."

"मग कसं? बोला ना! की एवढ्यातच गूळ संपला तुमच्या जिभेवरचा?"

उत्पला उठून आत गेली आणि भिंतीला टेकून बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या मनात आले की चूल पेटती आहे, म्हणजे वसंतक आहे. जितकी मोठी चूल, तितका तो पक्का आहे. हा विचार आला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. पदर खोचून ती बाहेर आली आणि चिपाडांची मोळी ओढू लागली.

घरच्या चुलीतल्या विस्तवाने चुलवाण पेटले. पिंगलाकडून तांदूळ आले, काहिलीत पेज रटरटू लागली, त्यात गूळ पडला. खालून लोक येऊ लागले, चिखलाने माखलेले, न बोलणारे. उत्पला पळीने वाढत होती. मुले पेज पिऊन तिथेच पेंगत. कोणी काही विचारले तर ती म्हणे, "वसंतक यायचाय अजून. तो आला की आणखी एक जण हाताशी येईल." लोक मान खाली घालत. त्याच्याच काहिलीतून वाचलेली माणसे होती ती, त्यांच्याने तिच्या डोळ्याला डोळा देववत नसे.

मग एके सकाळी कोळ्यांनी वसंतकाने नेलेली काहील आणली. खाली वळणावर बाभळीच्या फांद्यांत ती उलटी अडकली होती. काठ एका बाजूला चेपला होता. कडीला वसंतकाचे उपरणे बांधलेले होते, ओढून, घट्ट, दुसऱ्या माणसाला धरता यावे म्हणून बांधतात तसे.

सगळे उत्पलेकडे पाहत राहिले. तिने उपरण्याची गाठ सोडली, ते कमरेला खोचले आणि म्हणाली, "बरं झालं. एकीत पेज पुरत नव्हतीच." राख आणि चोथा घेऊन ती काहील घासायला बसली. मधुगुप्त मदतीला वाकले, तर तिने त्यांचा हात बाजूला सारला. चकचकीत होईपर्यंत तिने ती एकटीने घासली. त्या दिवसापासून दोन काहिलींत पेज शिजू लागली.

पिंगल बघून गेला. दोन काहिलींवर नगर कुठवर जगणार, हे त्याला दिसत होते. "श्रेष्ठी, तुम्ही पुण्य करता, पण चिपाडं संपतील, तुमची बाई थकेल," तो म्हणाला. "लोकांना आपापल्या घरी शिजवायला सांगा. उद्या संध्याकाळी माझ्या गाड्या निघतील. ज्या दारात चूल नाही, त्या दारातलं पोतं मी नेणार." मधुगुप्तांनी रीत समजावून सांगितली. पिंगलाने खांदे उडवले. त्याच्या राजधानीत असली रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंगत बसलेली असताना नावाडी सारंग चुलवाणापाशी आला. त्याने नवी होडी मिळवली होती आणि वसंतकाला तोही शोधत होता. तो डोक्यावरचे मुंडासे हातात काढून उत्पलेच्या जवळ येऊन उभा राहिला.

"कुठे?" उत्पलेने विचारले.

"खाली. बेटाजवळ, लव्हाळ्यात."

तिने पळी काहिलीत बुडवली, वर काढली आणि समोरच्या बाईच्या भांड्यात ओतली. मग पुढच्या. हात थांबला नाही. पंगतीला शेवटचा बसलेला माणूस उठेपर्यंत ती वाढत राहिली आणि सारंग तिथेच खाली मान घालून उभा राहिला. ज्या बाईला ती रोज "आणखी घे" म्हणे, तिलाही म्हणाली, "आणखी घे."

लोक गेल्यावर तिने मधुगुप्तांना बोलावले. सारंगाने पुन्हा सांगितले. मधुगुप्त जमिनीवर बसले.

सारंगच मग हलक्या आवाजात म्हणाला, "श्रेष्ठी, माझी दोन्ही पोरं त्याच्यामुळे आहेत. म्हणून बोलतो, रागावू नका. मी एकट्यानं पाहिलंय. होडीनं जाऊन त्याला लव्हाळ्यातून सोडवतो, प्रवाह पुढे नेईल. कोणाला कळायचं नाही. तुमची चूल चालू राहील आणि गाव खाईल."

मधुगुप्त काही म्हणायच्या आत उत्पला म्हणाली, "सोड. सोडून दे त्याला."

"उत्पले."

"सोडू दे हो त्याला! सापडला नाही म्हणजे गेला नाही. मी पेटवीन चूल, आयुष्यभर पेटवीन."

मधुगुप्तांनी तिचा हात धरला. पळीने घट्टे पडलेला, चटके बसलेला हात. "काल तू चूल पेटवलीस तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. उद्या पेटवशील तेव्हा ठाऊक असेल. त्या चुलीवरची पेज मी लोकांना त्यांच्या विश्वासावर कशी वाढू? आणि ज्यानं कोणालाच पाण्यात सोडलं नाही, त्याला आपणच सोडायचं?"

"मग ही माणसं उपाशी मरतील. मग तो गेला कशासाठी?" उत्पला म्हणाली.

मधुगुप्त उठले आणि सारंगाबरोबर नदीकडे गेले.

दुपार कलताना वसंतकाला नगरात आणले. टेकाडाची जवळची वाट सोडून मधुगुप्तांनी तिरडी कुंभारवाड्यातून, साळीआळीतून नेली आणि देवळासमोरच्या चौकात खांद्यावरून उतरवली. लोक दारातून उठून आले. पिंगलही गाड्या जोडायचे थांबवून आला. उत्पला मुलाच्या उशाशी बसली. तिने कमरेचे उपरणे काढून त्याच्या अंगावर घातले.

मधुगुप्त बोलले ते नेहमीच्याच आवाजात, पण सगळ्यांना ऐकू आले.

"हा सकाळी सापडला. पंगत बसली असतानाच बातमी आली होती. शेवटची भांडी सुतकातल्या हातानं वाढली गेली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्याचा दोष असेल तर तो माझ्या घराचा. आता माझ्याकडेही चूल नाही. या नगरात एकही सोवळी चूल उरली नाही."

कोणी हुंदका दिला. मधुगुप्त क्षेमाकडे वळले.

"आजी, तुम्ही म्हणाला होतात की मी सुतकात बसलो असतो तर चूल पेटवा म्हणालो नसतो. आता मी बसलोय तुमच्यात, आणि पुन्हा तेच सांगतोय. मला एक सांगा. एका घरात माणूस गेलं, तर त्या घरातली माणसं एकमेकांना शिवतात की नाही? एकमेकांच्या हातचं पाणी पितात की नाही?"

"पितात. एकाच घरचं सुतक ते. घरातल्या घरात त्याचा विटाळ कसला?" क्षेमा म्हणाली.

"मग आपण किती घरं आहोत, आजी? या मुलाच्या काहिलीत तुम्ही बसलात, साळी बसले, सारंगाची लेकरं बसली. एका नदीनं सगळ्यांना एकदमच नेलं. आज हे सगळं नगर एकच घर आहे, आणि सुतकही एकच. शेजारी येईल म्हणून वाट पाहू नका. शेजारी कोणी उरला नाही, आपणच आहोत सगळे."

पिंगलाला वाटले, आता कोणी काहीतरी म्हणेल. पण कोणी हलेना. रीत म्हणजे काही अंगरखा नव्हे की काढला आणि खुंटीला अडकवला.

तेव्हा उत्पला मुलापाशी बसली होती ती उठली. टेकाड चढून ती वर गेली. चुलवाणात सकाळचे निखारे राखेखाली अजून लाल होते. तिने खापराच्या तुकड्यावर ते भरले, खाली आली आणि क्षेमासमोर उभी राहिली.

"आजी, ही चूल आता विझायची आहे. विझायच्या आधी हा विस्तव घेऊन जा. त्यानं मला पाणी तापवून ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा पेटवलेला आहे. मी विझू दिला नाही."

म्हातारीने निखाऱ्यांकडे पाहिले, मग उत्पलेकडे. तिला आजवर ती 'बाई' म्हणत आली होती, श्रेष्ठींची बायको म्हणून.

"दे, पोरी," ती म्हणाली आणि पदराने धरून खापर घेतले.

मग साळ्यांच्या बायका पुढे आल्या. कोणी फुटके मडके आणले, कोणी पणती, कोणी काहीच नाही म्हणून ओली वीट. उत्पला वर जात होती आणि विस्तव आणून देत होती. मधुगुप्तांनी उरलेली चिपाडे वाटून टाकली, मुलाच्या चितेपुरती तेवढी मागे ठेवली. काठावर वसंतकाला अग्नी दिला, त्या वेळी खालच्या नगरातून धूर वर येऊ लागला होता. आधी एका दारातून, मग आळीआळीतून. पिंगल बराच वेळ पाहत उभा राहिला आणि मग त्याने गाडीवानांना बैल सोडायला सांगितले.

उत्पला घरी आली. चुलवाणात राख होती. तिने हात घालून पाहिला. राख कोमट होती, हळूहळू गार होत होती. टेकाडावरच्या त्या एका घरातून तेवढा धूर निघत नव्हता. ती उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, अजून एकदाही आले नव्हते.

दिवस बुडायच्या सुमारास चिखलाची वाट चढत क्षेमा आली. तिच्या हातात मडके होते आणि त्यात पेज. ती उत्पलेशेजारी धापा टाकत बसली.

"सुतकाच्या घरी शेजारणीनं आणायचं असतं," ती म्हणाली. "खा."

उत्पलेने मान हलवली. म्हातारीने बोटांनी पेज ढवळली आणि तिच्या ओठांशी धरली, नातीला भरवत असे तशी. उत्पलेने एक घास घेतला. पेज थोडी करपली होती आणि गूळही नव्हता. तो घास गिळताच तिला रडू फुटले. ती इतक्या मोठ्याने रडली की खालच्या नगरातल्या बायकांनी हातातले काम थांबवले. आत मधुगुप्त बसले होते. त्यांनीही मग आपले तोंड झाकून घेतले.

एवढे सांगून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "त्या वेळचा राजा धृतिसेन म्हणजे आपल्या विहाराला छप्पर घालून देणारा उपासक. क्षेमा म्हणजे घाटावर रोज आपल्याला फुले देणारी म्हातारी माळीण. सारंग आजही नावच चालवतो, त्यानेच आपल्याला या काठाला आणले. उत्पला म्हणजे भिक्षुणी रक्षिता. अमात्य पिंगल तू होतास, धम्मिका. आणि मधुगुप्त मीच होतो."

भिक्षुणी रक्षिता एका बाजूला बसली होती. वसंतक कोण, ते शास्त्यांनी सांगितले नाही, आणि तिने विचारले नाही.

थोड्या वेळाने शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, दुसऱ्याचे दुःख दुरून पाहून त्याला शहाणपण सांगणे सोपे असते. आपले दुःख न लपवता त्याच्या दुःखाशेजारी नेऊन ठेवणे, ही करुणा. सत्य सोडले तर ती टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मिक पुन्हा पलीकडच्या गावी गेला. जाताना त्याने पात्र बरोबर घेतले नाही.